राज्य उलथायचा हक्क आणि राज्य करायचा हक्क

ऑगस्ट उजाडला की सांगली-सातारा भागात हुतात्मा स्मारकांना चुना लागतो. नऊ तारखेला पुष्पचक्र, दोन-तीन भाषणं, शाळेच्या पोरांना बिस्किटाचे पुडे. भाषणात एक वाक्य हमखास असतं: आता पुन्हा एकदा क्रांती झाल्याशिवाय गत्यंतर नाही. बोलणारा बहुधा कुठल्या तरी बँकेचा संचालक असतो आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन-तीन सोसायट्यांचे चेअरमन. क्रांती नेमकी कुणाविरुद्ध करायची, हे विचारलं तर कार्यक्रमाचा विरस होईल म्हणून कुणी विचारत नाही.

पण प्रश्न थट्टेवारी न्यायचा नाही. चालू राजवट कायद्याबाहेर जाऊन, प्रसंगी हत्यार हातात घेऊन उलथून टाकणं कधी न्याय्य ठरतं का? मी हो म्हणतो. ज्या दोन जिल्ह्यांत गावोगावी स्मारकं आहेत तिथं बसून नाही म्हणायचं, तर आधी त्या दगडांवरची नावं पुसावी लागतील. माझी अडचण पुढे सुरू होते. अन्याय झाला की राज्य उलथायचा हक्क मिळतो, इथवर बहुतेकांना मान्य असतं. पण त्याच हक्काच्या पावतीवर राज्य करायचा हक्कही उचलला जातो, आणि तिथं माझी हरकत आहे. हे दोन हक्क निराळे आहेत. दुसरा वेगळा कमवावा लागतो, तोही रोज.

पहिल्या हक्काचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण साताऱ्यातच आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. गेले आणि आठ-पंधरा दिवसांत परत आले असं नाही. तेरा-चौदा वर्षं तो माणूस लंडनमध्ये अर्ज, निवेदनं आणि भेटीगाठी करत राहिला. मध्येच प्रतापसिंह वारले. त्यांच्यामागे गादीवर बसवलेले भाऊ शहाजी १८४८ मध्ये वारले, आणि दत्तक नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसीनं साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. रंगो बापूजी हात हलवत परत आले ते कट करायलाच. १८५७ चा साताऱ्याचा उठाव व्हायच्या आधीच फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले ते कायमचेच. पुढे त्यांचा ठावठिकाणा लागला नाही.

सनदशीर मार्गानं जा, असं या माणसाला कोण सांगणार? त्यानं सनदेचे सगळे दरवाजे ठोठावले होते, तेही समुद्र ओलांडून, मालकाच्या घरी जाऊन. प्रजेला दाद मागायची जागाच राज्यानं ठेवली नाही, तर बंडाचं पाप राज्याच्या माथी जातं. इंग्रजांचाच तत्त्वज्ञ जॉन लॉक सतराव्या शतकात जवळपास हेच सांगून गेला होता. ते वसाहतींना लागू होतं असं मात्र कंपनीच्या गोऱ्या साहेबांना वाटत नव्हतं. रंगो बापूजींचा कट फसला म्हणून तो चूक ठरत नाही. यशावरून क्रांतीची न्याय्यता ठरवायची म्हटलं, तर तोफ ज्याच्याकडे त्याचंच खरं, असं म्हणावं लागेल.

आता १९४२ ची ‘छोडो भारत’ चळवळ. त्या वेळी सातारा जिल्हा मोठा होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. सप्टेंबरात तालुक्यातालुक्याला कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली लोक तिरंगा घेऊन मामलेदार कचेरीकडे गेले, नि:शस्त्र. गोळीबारात नऊ जण गेले, खुद्द घार्गेही त्यांत होते. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला आणखी दोन, त्यांतला उमाशंकर पंड्या हा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काम करणारा तरुण इंजिनियर. यानंतर मोर्चे काढण्यात अर्थ उरला नाही. मंडळी भूमिगत झाली.

इथवरची गोष्ट देशात अनेक ठिकाणी घडली. तारा तुटल्या, रूळ उखडले, पोस्टं जळाली आणि वर्षभरात सगळं थंडावलं. साताऱ्यात का थंडावलं नाही, याचं कारण मला विषयाचं मर्म वाटतं. सरकारचा वचक गेल्यावर सगळ्यात आधी फावलं ते दरोडेखोरांचं. भूमिगतांचं नाव सांगून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या. गावकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: इंग्रजाला घालवताय ते ठीक, पण रात्री दारात येणाऱ्या या माणसांचं काय? भूमिगतांना आधी गुंडांचा बंदोबस्त करावा लागला. तो केल्यावर लोक भाऊबंदकीचे, बांधाचे, गहाण जमिनीचे, टाकून दिलेल्या बायकांच्या पोटगीचे तंटे घेऊन त्यांच्याकडेच येऊ लागले. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रति सरकार १९४३ पासून उभं राहिलं ते जाहीरनाम्यातून नव्हे, या तंट्यांतून.

त्याच्या न्यायदान मंडळाचं काम डोळ्यापुढे आणा. कोर्टाची पायरी चढायची तर तालुक्याला जायचं, वकिलाला पैसे द्यायचे, तारखांवर तारखा, आणि समोर बसलेला सावकार दर तारखेला ताजातवाना. इथं वादी-प्रतिवादी दोघंही त्याच शिवारातले. पंचांना जमीन माहीत, बांध माहीत, कोण खोटं बोलतंय तेही माहीत. दोघांचं ऐकून घ्यायचं, साक्ष घ्यायची आणि निकाल द्यायचा. सावकाराकडून जमीन सुटली, दारूचे गुत्ते बंद झाले, कर्ज काढून होणारी लग्नं ‘गांधी लग्न’ या नावानं थोडक्यात उरकू लागली. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांनी तुफान सेनेला, म्हणजे प्रति सरकारच्या दलाला, कवायत दिली. पैसा लागत होता, तो सरकारच्याच पैशातून आणला: ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवली, १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना पळवला. बायकाही मागे नव्हत्या. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलिस ठाण्यापुढे नवरा-बायकोच्या मारामारीचं सोंग वठवलं; पोलिस ते सोडवायला बाहेर आले आणि मागे साथीदारांनी हत्यारं पळवली. असले किस्से भाषणात चांगले रंगतात. न्यायदान मंडळाचे निकाल रंगत नाहीत, म्हणून ते कुणी सांगत नाही. पण रेल्वे लुटणारे देशात बरेच होते. बांधाचा तंटा मिटवणारे थोडे.

याच सरकारची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख खोटा होईल. लोक त्याला पत्री सरकार म्हणत, ते उगीच नव्हे. पायात पत्र्या ठोकल्याच्या कथांत अतिशयोक्ती आहे, पण तळपायावर बेदम मारायची शिक्षा खरी होती. खबरे मारले गेले, दरोडेखोर मारले गेले. त्या प्रत्येक प्रकरणात पुरावा किती तपासला? अपील कुठं करायचं? ज्याला मारलं त्याच्या घरच्यांनी दाद कुणाकडे मागायची? जिथं अपील नाही तिथं न्याय चांगल्या माणसाच्या चांगुलपणावर टांगलेला असतो. नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू यांच्यासारखी माणसं वर होती म्हणून ते निभावलं. सगळीकडे तशी माणसं असतील हे कोण लिहून देईल? आणि ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाल्यावर याच पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, वाडे लुटले गेले. ते प्रति सरकारनं केलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. मात्र जमाव स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश झाला की काय होतं, ते या जिल्ह्यानं त्या दिवसांत पाहिलं. त्याचं स्मारक नाही, आणि नऊ ऑगस्टच्या भाषणांत त्याचा उल्लेखही नसतो.

एवढं असूनही प्रति सरकारच्या पारड्यात मी माझं मत टाकतो, आणि त्याला कारण आहे त्याचा शेवट. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं, वॉरंटं उठली आणि प्रति सरकारनं आपला कारभार आटोपता घेतला. नाना पाटील या भूमिगत काळात पोलिसांच्या हाती एकदाही न लागता उजळ माथ्यानं बाहेर आले. हाताशी हत्यारं होती, माणसं होती, गावागावात शब्द चालत होता. आम्हीच खरे, निवडून आलेले कोण, असं म्हणायला पुरेशी ताकद होती. तसं म्हटलं नाही. नाना पाटलांना नवं राज्य पसंत होतं अशातला भाग नाही. पुढे ते शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. (बेचाळीसच्या चळवळीला ज्या पक्षानं विरोध केला, त्याच पक्षात बेचाळीसचा नायक गेला. राजकारणात असंही होतं.) पण गेले ते मतं मागायला. १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले.

याच्याशेजारी रशिया ठेवून बघा. झारशाही उलथली पाहिजे होती, यात मला शंका नाही. पण ऑक्टोबर क्रांतीनंतर लगेच संविधान सभेच्या निवडणुका झाल्या आणि बोल्शेविकांना चौथा हिस्सा मतं मिळाली. जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एक दिवस भरली आणि त्यांनी ती बंद पाडली. उलथायचा हक्क होता. राज्य करायचा हक्क लोकांनी दिला नाही, म्हणून तो बळकावला. पुढची सत्तर वर्षं त्या एका दिवसाची किंमत फेडण्यात गेली, असं माझं मत आहे. डाव्या मित्रांना ते रुचत नाही. भोवती शत्रू होते, यादवी होती, असं ते म्हणतात. साताऱ्यातल्या भूमिगतांभोवती काय मित्र होते?

अगदी अलीकडचं नेपाळ घ्या. विटा-आटपाडीकडचे आपले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत, काठमांडूतही आहेत, त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये तिथं पेटलं तेव्हा इकडच्या घरांत फोन लावून लावून बोटं दुखली असतील. ८ तारखेला तरुणांच्या मोर्चावर गोळीबार झाला, एकोणीस मुलं गेली. असा गोळीबार करणाऱ्या सरकारला एक दिवसही खुर्चीवर बसायचा अधिकार नाही, हे वडूज ठाऊक असणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. त्याच दिवशी संसद जळाली, आणि सर्वोच्च न्यायालयही जळालं. तिथल्या कागदांत कुणा गरिबाच्या जमिनीचा दावाही असेलच. मग हंगामी पंतप्रधान कुणाला करायचं, यावर तरुणांनी नाव पुढे केलं ते सुशीला कार्की यांचं, म्हणजे माजी सरन्यायाधीशांचं. राग शांत झाल्यावर त्यांनाही न्यायाधीशच आठवला. कार्कींनी शपथ घेताच निवडणुकीची तारीख जाहीर झाली, हे त्यातलं शहाणपण.

कुणी म्हणेल, क्रांती करावी लागण्याआधीच सत्ता सोडणारे भेटले तर? तेही आपल्याकडे घडलंय. औंध संस्थान बहात्तर गावांचं, विखुरलेलं. राजा भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ मध्ये राज्यघटना लागू करून सत्ता प्रजेच्या हाती दिली. कारभाराचा पाया ग्रामपंचायत. न्यायनिवाडाही शक्यतो गावातच. कुंडल औंधात होतं, आटपाडीही औंधात. प्रति सरकारच्या मंडळींना लपायला ही हद्द उपयोगी पडली, हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती अशी, की कुंडलच्या लोकांनी पंचांपुढे उभं राहून तंटा मिटवायचा सराव त्याआधी चार वर्षं केला होता. त्यात सत्यशोधकी जलशांनी दोन पिढ्या सावकार-भटजीला प्रश्न विचारायला शिकवलेलं. म्हणजे प्रति सरकारला राज्य करता आलं, कारण बंदूक हाती यायच्या आधी इथल्या माणसांना कारभाराची सवय लागली होती. ही सवय नसताना झालेली क्रांती बहुधा जुन्याच खुर्चीवर नवा माणूस बसवते.

आजचं काय? साताऱ्याच्या सरकारी शाळेत १९०० साली नाव घातलेल्या एका मुलानं याचं उत्तर २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिलंय. सनदशीर मार्ग बंद होते तोवर बेकायदा मार्गांचं समर्थन करता येत होतं, आता ते मार्ग खुले झालेत, तेव्हा रक्तरंजित क्रांती तर सोडाच, सत्याग्रह आणि असहकारही सोडा, असं डॉ. आंबेडकर म्हणाले. मला यातला शेवटचा भाग कडक वाटतो. मोर्चा आणि सत्याग्रह नसते तर आपल्या भागातल्या कुठल्याही धरणग्रस्ताला गुंठाभर जमीन मिळाली नसती. पण त्याच भाषणात त्यांनी दुसरी गोष्ट बजावली, जी पहिलं वाक्य आवडीनं सांगणारे गाळतात: एका माणसाला एक मत देऊन सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच ठेवली, तर तिनं पोळलेले लोक ही लोकशाही उडवून देतील. दरवाजा उघडा असल्याचं सांगून भागत नाही. त्यातून आत जाता आलं पाहिजे.

आणि दरवाजे कसे बंद होतात तेही बघितलंय. २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. पुढे निवडणुकाच नाहीत. आरक्षणाचा वाद, प्रभागांचा वाद, कोर्टात तारखा. सगळा कारभार प्रशासकाच्या सहीनं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी गाडी लगेच हलली नाही. या काळात एका पंचायत समितीत गेलो होतो. सभापतींच्या दालनाला कुलूप, दारावरची नावाची पाटी काढलेली, स्क्रूची चार भोकं तेवढी भिंतीत. विहिरीच्या प्रकरणाला आलेल्या एका म्हाताऱ्यानं शिपायाला विचारलं, “सायेब कोण हाय म्हणायचं आता?” शिपाई म्हणाला, “बीडीओ मीटिंगला गेल्यात, सोमवारी या.” तीन वर्षांहून जास्त काळ लोकांनी निवडून दिलेलं कुणी तिथं नव्हतं आणि जिल्ह्यात एक मोठा मोर्चा त्यासाठी निघाला नाही. व्हॉट्सॲपवर मात्र ‘क्रांतीची मशाल पेटवा’ रोज सकाळी येत होतं. ज्याला आपल्या गणातली, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातली, निवडणूक थांबलेली खटकत नाही, त्यानं राज्य उलथायची भाषा करू नये, असं मला स्पष्ट वाटतं. राज्य करायची त्याची तयारीच नाही.

तरी माझ्या मांडणीला एक भोक आहे आणि ते बुजवता येत नाही. सनदशीर मार्गानं जा म्हणणारा वाट पाहायला सांगत असतो, आणि वाट पाहण्यानंही माणसं मरतात. फक्त त्यांची स्मारकं होत नाहीत. आटपाडी-खानापूरचा दुष्काळ घ्या. कृष्णा काही कोसांवरून भरून वाहत होती आणि इथली पोरं पिढ्यानपिढ्या गलाईची भट्टी फुंकायला परमुलखात जात होती. बंदूक उचलली असती तर कुणी नावं ठेवली असती? नागनाथअण्णांना बंदूक ठाऊक होती. सप्टेंबर १९४४ मध्ये साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळालेला हा माणूस. त्यांनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरवायला सुरुवात केली. तेरा दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी दरवर्षी जमायचे, ठराव करायचे, मोर्चे काढायचे, धरणग्रस्त आणि दुष्काळग्रस्त एकाच मांडवात बसायचे. मागणी होती समन्यायी पाण्याची, म्हणजे ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. टेंभू उपसा योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलत पुढे सरकत राहिलं आणि शेवटी माणदेशात पोचलं. गोळी एकही सुटली नाही.

पण पोचायला वर्षं किती लागली याचा हिशेब गलाईवाल्यांना विचारा. ज्यांनी पहिल्या परिषदेत हात वर केले त्यांतले बरेच जण पाणी बघायला राहिले नाहीत, आणि त्यांची नातवंडं आता कोइंबतूरच्या शाळेत तमिळ शिकतात. ती परत येणार नाहीत. आलेल्या पाण्यावर कुणाची डाळिंबं उभी आहेत आणि भूमिहीनाच्या वाट्याचं काय झालं, हा आटपाडीतला पुढचा तंटा आहे. तो मिटवायला न्यायदान मंडळ नाही. पाणीवापर संस्था आहेत, पाटबंधारे खातं आहे, जिल्हा परिषद आहे, आणि तिथं आपला माणूस निवडून पाठवायचं काम आहे.